वेपचा (ई-सिगरेटचा) वॅट किती ठेवायचा? आधी कॉइलवरचा आकडा वाचा

मँचेस्टरला असलेल्या मावसभावाचा परवा रात्री व्हिडिओ कॉल, "दादा, नवीन कॉइल टाकली कालच आणि आज करपट वास मारालाय, मशीनच बाद झालंय काय बघ की." मी निपाणीत इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंग करतो म्हणून घरातले सगळे असलं काहीबाही मलाच विचारतात. त्याला म्हटलं कॉइल, म्हणजे लिक्विडची वाफ करणारी तार आणि तिच्यातला कापूस, काढ आणि कॅमेऱ्यासमोर धर. बारीक अक्षरात लिहिलेलं, ०.४ ओहम, ५० ते ६० वॅट. आणि स्क्रीनवर याचा आकडा ७५! मशीन चांगलंच होतं, कापूस जळालेला.

पुढं जायच्या आधी एक सांगतो. आपल्या कर्नाटकात ह्यावर २०१६ लाच बंदी आली आणि २०१९ च्या केंद्राच्या कायद्यानं देशभर बनवणं, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे, विकताना पहिल्यांदा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा तिकडून सुट्टीला येताना बॅगेत घालून आणू नका. आणि जो सिगरेट ओढतच नाही त्यानं ह्याच्या नादाला लागूच नये, निकोटीन ते निकोटीनच. हे लिहितोय ते जिथं कायद्यानं चालतं तिथं राहणाऱ्या, सिगरेट सोडून ह्यावर आलेल्या आपल्या मोठ्या माणसांसाठी.

तर वॅट म्हणजे कॉइलला मिळणारा जाळ. बेळगावचा कुंदा आटवताना बघितलाय ना, मंद आचेवर ढवळत बसावं लागतं, घाईनं गॅस मोठा केला की खाली लागला म्हणून समजा आणि मग कितीही साखर घाला तो करपट वास जात नाही. इथं पण तसंच, कापूस लिक्विड ओढून घेतो आणि कॉइल त्याची वाफ करते, जाळ जास्त झाला की लिक्विड पोचायच्या आधीच कापूस कोरडा पडतो आणि जळतो. त्या कोरड्या झुरक्यात फॉर्मल्डिहाईडसारखे घातक वायू वाढतात, म्हणून करपट लागलं की ओढत राहू नका, थांबा. एकदा जळालेला कापूस वॅट कमी करून सुधारत नाही, कॉइलच बदलायची.

हिशोब सोपा आहे, वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम (ओहम म्हणजे तारेचा विजेला होणारा अडथळा). बॅटरी ३.७ व्होल्ट धरली तर १.२ ओहमच्या कॉइलला साधारण ११ वॅट मिळतात, आणि तीच बॅटरी ०.४ ओहमला सरळ ३४ वॅट देते. म्हणजे ओहम जेवढा कमी तेवढी पॉवर जास्त ओढली जाते. वॅट सेट करायची मशीन व्होल्ट आपली आपणच कमीजास्त करते, पण ज्या साध्या पेनसारख्या वेपवर फक्त व्होल्टचा आकडा असतो तिथं हा हिशोब तुम्हालाच करावा लागतो.

मावसभावाला सांगितलं ते असं. नवीन कॉइलच्या कापसावर लिक्विडचे चार थेंब सोड, टाकी भर आणि दहा मिनिटं हात लावू नकोस. मग ५० वर सुरू कर, दोन-चार झुरके घे, वाफ गार आणि पातळ वाटली तर २ वॅट वाढव, परत बघ. गुळगुळ आवाज येतोय, तोंडात थेंब उडतायत म्हणजे जाळ कमी पडतोय, घशाला टोचतंय म्हणजे जास्त झालाय. लागोपाठ ओढू नकोस, कापसाला भिजायला वेळ दे. व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) जास्त असलेलं लिक्विड घट्ट असतं, ते पॉडच्या, म्हणजे छोट्या वेपच्या, बारीक भोकांच्या कॉइलमध्ये नीट उतरत नाही, तिथं वॅट कितीही बरोबर असला तरी करपतंच.

निकोटीनचं मात्र नीट लक्षात घ्या. दर मिलीला २० मिलीग्रॅम निकोटीनचं लिक्विड १०-१२ वॅटच्या छोट्या पॉडसाठी असतं, तेच ५०-६० वॅटवर घातलं तर एका झुरक्यात कितीतरी जास्त आत जातं, गरगरतं, मळमळतं. नवख्याला तंबाखू लागते म्हणतात आपल्याकडं, तेच हे. मोठ्या वॅटला ३ मिलीग्रॅमच्या आसपासचं वापरतात.

टेंपरेचर मोड, म्हणजे ठरवलेल्या तापाला मशीन आपणच जाळ आवरते तो, सगळ्या कॉइलला चालत नाही. स्टेनलेस स्टील, निकेल, टायटॅनियमच्या तारेचा ओहम तापल्यावर वाढतो, त्यावरून मशीन ताप ओळखते. कँथल नावाच्या तारेचा ओहम जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळं तिथं वॅट मोडच ठेवा.

आणि बॅटरी, ह्याची मला जास्त काळजी. ०.१५ ओहमच्या कॉइलला भरलेली ४.२ व्होल्टची बॅटरी थेट जोडली तर २८ अँपिअर ओढले जातात, आणि वेपमधल्या कितीतरी १८६५० सेल (गोल सुट्ट्या बॅटरी) २० अँपिअरच्याच असतात. कॉल ठेवता ठेवता भावाला त्याची बॅटरी पण दाखवायला लावली, तर वरच्या टोकाला प्लास्टिकचं वेष्टन नखाएवढं फाटलेलं आणि हा तिला किल्ल्यांबरोबर खिशात टाकून फिरतोय! सरळ सांगितलं, ही वापरू नकोस, टोकांना टेप लाव, उद्या बॅटरी रिसायकलच्या डब्यात नेऊन टाक, आणि नवीन घेताना प्लास्टिकची डबी पण घे.