स्टॅम्प, रंग आणि एम्बॉसिंग पावडर: पान बिघडवणाऱ्या या चुका टाळा

परवा माझ्या आर्ट जर्नलचं, म्हणजे चित्रांच्या वहीचं, एक पान वाया गेलं. निळं-हिरवं ॲक्रिलिकचं बॅकग्राउंड मस्त जमलं होतं, बोट लावून बघितलं तर कोरडं वाटलं, म्हणून वर पिसाचा स्टॅम्प मारला, सोनेरी एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईला चिकटते, तापवली की वितळून उठावदार, चमकदार रेष होते) टाकली, कागद उभा धरून टिचकी मारली आणि बघते तर काय, पीस राहिलं बाजूला, सगळ्या पानाला सोनेरी पुरळ उठलेली. आणि खालच्या कोपऱ्यात चक्क माझ्या अंगठ्याचा ठसा, सोन्यात, रेषान् रेषा दिसतेय.

चूक माझीच. पावडरला डोळे नसतात हो. तुम्ही स्टॅम्प कुठे मारलाय ते तिला कळत नाही, तिला फक्त ओल कळते. जिथे ओल, चिकटपणा किंवा तेलकटपणा सापडेल तिथे ती बसणार. मिक्स्ड मीडियात रंग, शाई, पेस्ट, पावडर सगळं एकाच पानावर येतं, त्यामुळे आत्ता या घडीला पानावर काय ओलं आहे आणि काय कोरडं, हे डोक्यात पक्कं नसलं की गडबड झालीच म्हणून समजा.

"वाळलंय" असं वाटणं आणि खरंच वाळलेलं असणं

ॲक्रिलिकची वरची साय आधी सुकते, आत पाणी शिल्लक असतं. बोटाच्या टोकाने बघून हे कळत नाही, उलट बोटाचं तेल तेवढं पानाला लागतं (माझा अंगठा आठवा). त्यापेक्षा हाताची मागची बाजू अलगद टेकवून बघा. पान गार लागलं तर पाणी अजून उडतंय, थांबा. खोलीतल्या बाकी वस्तूंइतकंच गार-गरम लागलं की पुढे जा. पातळ थर पटकन होतो पण जाड थर असेल, टेक्स्चर पेस्ट (उठाव देणारी जाड पेस्ट) असेल तर मी सरळ रात्रभर ठेवून देते, हे कंटाळवाणं आहे मला माहितीये पण इलाज नाही.

स्पंजने किंवा ब्लेंडिंग ब्रशने शाई पसरवून केलेली बॅकग्राउंडं तर जास्तच फसवी. त्यातल्या बऱ्याच शाया मुद्दाम हळू सुकणाऱ्या असतात, म्हणून तर त्या एकमेकींत छान मिसळतात, आणि म्हणूनच वरून कोरड्या दिसल्या तरी पावडर धरतात. यावर एक सोपा उपाय म्हणजे अँटीस्टॅटिक पाउच, म्हणजे बारीक पावडर भरलेली छोटी कापडी पुरचुंडी. विकतची नसेल तर पातळ सुती कापडात थोडी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर बांधा, झालं काम. स्टॅम्प मारायच्या आधी ती पानावरून हलकेच फिरवायची. ओल, हाताचं तेल, स्टॅटिक (घर्षणाने येणारी, कण ओढून धरणारी वीज), तिन्हींचा बंदोबस्त एकदम होतो. पण हलकेच म्हणजे हलकेच, मी सुरुवातीला भिंतीला चुना लावल्यासारखी थापायचे, मग काळ्या कागदावर पांढरट धुरकट डाग राहायचे आणि स्टॅम्पच्या बारीक रेषाही तुटायच्या. उरलेला पांढुरका थर शेवटी, हीट गन (पावडर वितळवणारं गरम हवेचं यंत्र) मारून पान गार झाल्यावर, मऊ ब्रशने झटकायचा.

एवढं करूनही दोनचार कण नको तिथे बसतातच. ते गरम करायच्या आधीच बारीक कोरड्या ब्रशने उचलून टाका. हा अर्धा मिनिट लोक वाचवतात आणि मग वितळून घट्ट बसलेला कण नखाने खरवडत बसतात, त्यात खालचा रंगही निघतो.

शाई चुकीची

"पावडर चिकटतच नाहीये" म्हणून कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न, शाई कुठली घेतली? डाय इंक कागदात शोषली जाते आणि काही सेकंदात सुकते, पावडरची डबी उघडेपर्यंत खेळ संपलेला असतो. सॉल्व्हंट इंकही तशीच झटपट उडून जाते. एम्बॉसिंगसाठी पारदर्शक एम्बॉसिंग इंक किंवा पिग्मेंट इंक लागते, ती घट्टसर असते आणि बराच वेळ ओली राहते. तरीही खूप शोषणारा कागद किंवा कच्चा कॅनव्हास असेल तर तीसुद्धा आत जाते, तेव्हा स्टॅम्प उचलला की लगेच पावडर, मध्ये फोन बघायचा नाही.

उलटी चूक पण होते. ॲक्रिलिक किंवा जेसोच्या (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराच्या) थरावर नुसतंच स्टॅम्पिंग करायचं असेल, पावडर नको असेल, आणि तिथे लोक पिग्मेंट इंक वापरतात. तो थर म्हणजे जवळपास प्लास्टिकच, शाई शोषायला जागा नाही, मग ती तासन् तास ओली राहते आणि बाही लागली की फासली. तिथे सॉल्व्हंट बेसची पर्मनंट शाई वापरा. आणि पाण्यात विरघळणाऱ्या शाईवर जेल मीडियम (पारदर्शक ॲक्रिलिक जेल) किंवा वॉर्निश ब्रशने लावू नका, ब्रशबरोबर सगळी रेष ओढली जाते आणि स्टॅम्पमधल्या बाईच्या डोळ्यातलं काजळ गालावर उतरतं. हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय, एकदा झाल्यावर शहाणपण यायला हवं होतं पण नाही आलं.

हीट गन: कमी, जास्त आणि भलतीकडेच

आधी एक गोष्ट मिटवून टाकू, हेअर ड्रायर चालत नाही. त्याची हवा जोरात आणि उष्णता कमी, म्हणजे पावडर वितळायच्या आधी उडून जाते. क्राफ्टची हीट गन हवा हळू सोडते आणि खूप जास्त तापते.

हीट गन चालू केल्या केल्या कागदावर रोखायची नाही, १०-१५ सेकंद बाजूला हवेत धरून तापू द्यायची. मग एका कोपऱ्यापासून सुरू करायचं आणि नीट बघत राहायचं. आधी रेष रवाळ, मळकट दिसते, बारीक वाळूसारखी. मग एका टोकाला अचानक चमक येते आणि ती चमक रेषेवरून पुढे पळत जाते, जसजशी हीट गन सरकेल तशी. हा क्षण मला अजूनही भारी वाटतो, कितीही वेळा केलं तरी. तर जिथे चमक आली तिथून लगेच पुढे सरकायचं. तिथेच रेंगाळलात तर प्लास्टिक अजून पातळ होऊन कागदात मुरतं, उठाव जातो, रेष चपटी आणि तेलकट दिसते, मागच्या बाजूला डाग येतो, पांढरी पावडर असेल तर पिवळटही पडते. उलट कमी तापवलं तर बोट फिरवल्यावर सँडपेपरसारखं खरखरीत लागतं आणि कण सुटून येतात. कमी झालेलं परत तापवून सुधारता येतं, जास्त झालेलं नाही. फार तर एम्बॉसिंग पेनने (एम्बॉसिंग इंक भरलेल्या पेनने) तेवढ्याच भागावर परत रेघ मारा, परत पावडर टाका, परत गरम करा, बऱ्यापैकी झाकलं जातं.

पातळ कागद असेल तर खालून तापवा. पावडर उडत नाही आणि चमक वर आलेली दिसतेच. चिमट्याने धरा, बोटाने धरायचा शूरपणा मी करून बघितलाय, नको. कागद वाकला तर गार झाल्यावर जड पुस्तकाखाली ठेवा, गार झाल्यावरच, नाहीतर डिझाइन पुस्तकाच्या कव्हरवर उमटतं.

आता मिक्स्ड मीडियाचं खास दुखणं. जाड ॲक्रिलिक आतून ओलं असताना त्यावर हीट गन आली की आतल्या पाण्याची वाफ होते, वर साय धरलेली असते, वाफेला बाहेर पडायला जागा नाही, मग फोड येतात, अगदी पापडासारखे. काही जण हे मुद्दाम करतात, गंजलेल्या पत्र्याचा इफेक्ट छान येतो. पण चेहऱ्याच्या पोर्ट्रेटवर गालाला फोड आला तर काय करणार? सुईने टोचून, दाबून बसवता येतो थोडाफार, खूण राहतेच. त्यात ॲक्रिलिक गरम झालं की मऊ आणि चिकट होतं, म्हणजे पानावर कुठे सांडलेली पावडर असेल तर ती तिथे आता कायमची.

अजून एक, जे फार कुणी सांगत नाही. एम्बॉसिंग झालं, त्यावर वॉटरकलर लावले, आणि रंग पटकन सुकावेत म्हणून परत हीट गन घेतली. ती रेष परत वितळते! वितळलेल्या रेषेत ओला रंग, धूळ, ब्रशचा केस जे असेल ते अडकतं आणि पांढरीशुभ्र रेष कळकट होते. एम्बॉसिंगनंतरचे रंग आपोआप सुकू द्या, फारच घाई असेल तर इथे मात्र हेअर ड्रायर चालेल, थंड हवेवर.

आणि ओल्या अल्कोहोल इंकवर किंवा सॉल्व्हंटवर हीट गन अजिबात नाही, ते पेट घेतात. खिडकी उघडी ठेवा. ॲक्रिलिक ब्लॉक (क्लिअर स्टॅम्प चिकटवून धरायचा प्लास्टिकचा ठोकळा), क्लिअर म्हणजे पारदर्शक स्टॅम्प, प्लास्टिकची शीट गरम हवेच्या वाटेतून आधी उचला, माझा एक ब्लॉक एका कडेने असा वाकलाय की आता तो फक्त कागद दाबायला कामाला येतो.

स्टॅम्प अर्धवट उठतो

नवीन क्लिअर स्टॅम्पवर शाई थेंब थेंब होऊन बसते, पसरत नाही. नवेपणी पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो, म्हणून. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच घासा, दोनचार वेळा रफ कागदावर मारा, मग सुधारतो. स्टॅम्पला दोष देऊन परत करू नका लगेच.

जेसो ब्रशने लावला की ब्रशचे ओरखडे राहतात आणि स्टॅम्प फक्त उंचवट्यांवर उठतो. यावर उपाय आधीच करायचा: जेसो जुन्या प्लास्टिक कार्डाने ओढून सपाट लावा, सुकल्यावर बारीक सँडपेपर फिरवा. झालेल्या पानावर मारायचाच असेल तर कागदाखाली फोमची मऊ शीट ठेवा आणि स्टॅम्प सरळ खाली दाबा, डुलवायचा नाही, डुलवला की कडा दुहेरी उमटतात. वॉटरकलरच्या खरखरीत कागदाचंही हेच, कोल्ड प्रेसवर बारीक अक्षरांचा स्टॅम्प मारून रडण्यात अर्थ नाही, तिथे ठसठशीत डिझाइन घ्या किंवा गुळगुळीत हॉट प्रेस घ्या.

स्टॅम्पला ॲक्रिलिक रंग लावून मारणार असाल तर स्पंजने पातळ थापा आणि मारल्या मारल्या साबणाच्या पाण्याने धुवा. मारल्या मारल्या म्हणजे पान न्याहाळायच्या आधी. रेषांच्या मध्ये सुकलेला रंग म्हणजे कायमचा गिलावा. रबराच्या स्टॅम्पवर सुकलाच तर कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, पण लाकडी ठोकळ्यावरचा असेल तर बुडवून ठेवू नका, गोंद सुटतो. क्लिअर स्टॅम्पला कडक सॉल्व्हंट लावू नका आणि उन्हात ठेवू नका, पिवळे पडतात.

बारीकसारीक पण त्रासदायक

पान डबीवर धरून पावडर कधीही टाकू नका, खाली घडी घातलेला कागद ठेवा आणि उरलेली त्या घडीतून परत ओता. ग्लिटरवाल्या पानावर वापरलेली पावडर मूळ डबीत गेली की नंतर प्रत्येक पांढऱ्या रेषेत एक गुलाबी चमकी निघते, जन्मभर. बारीक अक्षरांसाठी सुपरफाइन पावडर घ्या, जाड दाण्यांची घेतली तर "अ" चं पोट भरून जातं. आणि आर्ट जर्नलची ॲक्रिलिकवाली पानं समोरासमोर मिटली की चिकटतात, पूर्ण सुकलेली असली तरी, दाबून आणि उन्हाळ्यात तर हमखास. मध्ये बेकिंग पेपर घाला.

त्या पुरळ उठलेल्या पानाचं काय केलं ते राहिलंच. फेकणार होते, पण मग जुन्या टूथब्रशला पातळ केलेली एम्बॉसिंग इंक लावली, अंगठ्याने त्याचे केस मागे ओढून पूर्ण पानावर तुषार उडवले, परत सोनेरी पावडर टाकली आणि तापवलं. आता ते सगळे ठिपके मुद्दाम केल्यासारखे दिसतात, पीस जणू चांदण्यात पडलंय. फक्त तो अंगठा काही लपला नाही, कोपऱ्यात बसलाय, रेषा अजून मोजता येतात.