आंबोली-अगुंब्याला साप-बेडूक बघायला जाताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या माणसाला साप कुठं सापडतो हे शिकवावं लागत नाही. बांधावरचे दगड, कडब्याची गंजी, पडक्या विहिरीची कपार, कापून ठेवलेल्या सोयाबीनचा ढीग, इकडं नजर आपोआप जाते. आता नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरहून पोरांचे गट पावसाळ्यात सिंधुदुर्गातली आंबोली, तिळारी आणि थेट कर्नाटकातल्या अगुंब्यापर्यंत जातात. त्यांत सर्पमित्रही बरेच असतात. पहिल्या रात्री सगळ्यात जास्त हिरमुसतात तेही हेच जाणकार, कारण कोरड्या रानात लागलेली जवळपास प्रत्येक सवय तिथं आडवी येते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडं सरासरी सातशेच्या घरात. दहापट पाण्यात वाढलेल्या जंगलात जनावरं वेगळ्या जागी बसतात आणि वेगळ्या वेळी हिंडतात, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

सवडीप्रमाणे तारीख धरणे

ज्यांची शेती आहे त्यांना पेरणी उरकल्याशिवाय हलता येत नाही, म्हणून आपले बहुतेक गट जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये निघतात. काही हरकत नाही, पण मग त्या वेळेला जे असतं तेच मागा. आंबोली टोड हा छोटा भेक 2009 साली शास्त्राला नवीन म्हणून नोंदवला गेला. आंबोली आणि लगतच्या भागातच तो सापडतो. त्याचं प्रजनन पहिल्या पावसात, सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळमाळावरच्या, जांभ्यात साचलेल्या उथळ डबक्यांत होतं आणि ते लवकर आटोपतं. तो सोहळा बघायचा तर मृगाच्या तोंडावरच पोचायला हवं. ऑगस्टमध्ये जाऊन “टोड कुठंयत?” म्हणत वाटाड्याच्या मागं लागण्यात अर्थ नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मलबारी चापडा हा विषारी साप आणि मलबारी उडता बेडूक बघायची संधी चांगली असते. उडत्या बेडकाची फेसाची घरटी पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना लटकलेली दिसतात. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. शनिवार-रविवार मात्र टाळा. धबधब्यावरच्या गर्दीत आणि गाड्यांच्या रांगेत संध्याकाळ जाते, आणि रात्री रस्त्यावर चिरडलेले बेडूक मोजायची वेळ येते.

आणखी एक, खास आपल्याकडची चूक. रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेल्या भागातली आपण माणसं. पाऊस बघून वेडावतो. दिवसभर धबधब्याखाली भिजतो, भजी हाणतो आणि खरा शोध सुरू व्हायच्या वेळेला, आठ-नऊला, लॉजवर घोरत पडतो. दिवसा झोपा, संध्याकाळी हलकं जेवा.

पायाखाली बघायचं आणि हाताकडं दुर्लक्ष करायचं

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडं सापाची भीती पायापाशी असते. फुरसं दगडाखाली, घोणस पाचोळ्यात किंवा धुऱ्यावर. त्यामुळं आपण पायाखाली उजेड टाकत चालतो आणि निसरड्या उतारावर तोल गेला की हाताला लागेल ती फांदी धरतो. मलबारी चापडा नेमका तिथंच बसतो: गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर, झुडपात, वेलीवर, ओढ्याकाठच्या खडकावर. हिरवा, पिवळा, तपकिरी, केशरी अशा कितीतरी रंगांत तो असतो. तासन् तास हलत नाही, फुत्कारत नाही. घोणशीसारखा कुकरच्या शिट्टीगत आवाज काढून तो आपल्याला सावध करील ही अपेक्षाच ठेवू नका. आमच्या एका काकांनी “इथं काहीच नाही हो” म्हणत झाडाला टेकायला हात पुढं केला, तेव्हा आंबोलीचा वाटाड्या हळूच म्हणाला, “काका, हलू नका. कोपराजवळ बघा.” पिवळाजर्द चापडा होता, वीतभर अंतरावर.

तेव्हा नियम साधा: उजेडात नीट न बघता हात कुठंच टेकवायचा नाही. फांदी नाही, खडक नाही, पुलाचा कठडासुद्धा नाही. तोल सावरायला काठी वापरा. पायात गमबूट घाला, कारण पाचोळ्यात हम्प-नोज्ड पिट वायपर हा छोटा, वर उचललेल्या नाकाचा चापडा असू शकतो, विशेषतः अगुंब्याकडं. वाळक्या पानांत तो भल्याभल्यांना दिसत नाही.

दंशाबद्दलचा एक गैरसमज सर्पमित्रांमध्येही आढळतो: “अँटिव्हेनम आहे की!” भारतात मिळणारं बहुगुणी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर तयार केलेलं असतं. चापड्यांसाठी ते बनवलेलं नाही. मलबारी चापड्याच्या दंशात बहुधा सूज आणि जबर वेदनांवर भागतं, पण हम्प-नोज्डच्या विषानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडू शकते आणि मूत्रपिंडालाही इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे “बिनविषारीच समजा” असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, हात-पाय न हलवता ठेवा आणि 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. बऱ्याच वळणांवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून लॉजवर कुणाला तरी जायची दिशा आणि परतायची वेळ सांगूनच निघा.

भराभर चालणे, जोरदार टॉर्च मारणे

“पाच किलोमीटर फिरलो, एक बेडूक दिसला.” ही तक्रार हमखास ऐकू येते आणि तिचं उत्तर त्या पाच किलोमीटरमध्येच आहे. आपल्या माळरानावर लांबचं दिसतं, म्हणून आपण अंतर कापतो. पावसाळी जंगलात नजर दोन-तीन मीटरच्या पुढं जातच नाही. शंभर मीटरच्या वाटेला अर्धा तास लागला तर वेग बरोबर आहे असं समजा. एकच ओढा, एकच वळण घ्या. एक जण उजवी बाजू बघेल, एक डावी, तिसरा वरच्या फांद्या. त्याच वाटेनं परत या. जाताना सुटलेलं येताना दिसतं, कारण उजेड दुसऱ्या बाजूनं पडतो.

टॉर्च किती मोठी यापेक्षा ती कुठं धरता हे जास्त महत्त्वाचं. कमरेपाशी धरलेल्या टॉर्चनं डोळ्यांची चमक दिसत नाही. ती डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाजवळ धरा, मग समोरच्या जनावराच्या डोळ्यांतून परत आलेला उजेड तुमच्याच डोळ्यांत येतो. कपाळावरची टॉर्चही हे काम करते, पण पावसाळ्यात सगळे किडे नाकातोंडात शिरतात. बारीक हिरवट-निळसर ठिणग्या दिसल्या तर ते बहुतेक कोळी. सापाचे डोळे असे चमकत नाहीत, त्यामुळं डोळ्यांच्या चमकेवर विसंबून साप सापडणार नाही. साप शोधायचा तो आकारावरून. पानांच्या गर्दीत सगळं तुटक, टोकदार असतं. त्यात कुठं गुळगुळीत, सलग वळण दिसलं की थांबा.

हरणटोळ आणि सरडे ही दिवसाची जनावरं रात्री शोधणं कितीतरी सोपं. ते फांदीच्या अगदी टोकाला झोपतात आणि उजेडात फिक्कट उठून दिसतात. झोपलेल्याचा फोटो मात्र एक-दोन क्लिकमध्ये आटपा.

सगळं रात्रीच बघायचं असतं, हाही भ्रमच. कर्नाटकातल्या घाटांत ओढ्याच्या खडकांवर बसणारे नाचरे बेडूक दिवसा मागचा पाय ताणून इशारे करतात, कारण पाण्याच्या खळखळाटात नुसता आवाज पुरत नाही. अगुंब्याच्या आसपास सुपारीच्या बागांत उडता सरडा दिसतो, तोही दिवसाच आणि बहुतेक खोडावर. आंबोलीला पाणी झिरपणाऱ्या उभ्या कातळावर नीट बघितलं तर इंडिराना बेडकांची पिल्लं दिसतात. पाण्याच्या नुसत्या पातळ थरात, दगडाला चिकटून. ज्यांनी बेडकाची पिल्लं फक्त गावतळ्यात पाहिली त्यांना हे बघून पटतच नाही.

आवाजाच्या मागं धावणे

आपल्याकडं पहिल्या मोठ्या पावसानंतर पिवळेधमक बेडूक ओरडतात, आवाजाच्या दिशेनं गेलं की डबक्यात ते दिसतातच. वर्षावनातल्या झुडूप-बेडकांना हा हिशोब लावू नका. करंगळीच्या पेराएवढा प्राणी, पानाआड बसलेला, आणि त्याचा टिकटिक आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून हेच कळत नाही. त्यात आपण चिखल तुडवत जवळ गेलो की तो गप्प.

दोघा-तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून आवाजाकडं बोट दाखवा. जिथं रेषा एकमेकींना छेदतात, तिथं कमरेच्या उंचीची झुडपं बघा. तो गप्प झाला तर टॉर्च बंद करून उभे राहा, पुन्हा सुरू होईल. डबकं शोधत बसू नका, कारण या बेडकांची पिल्लं अंड्यातच वाढून थेट छोटा बेडूक होऊनच बाहेर येतात. आणि प्लास्टिकचा रेनकोट सळसळून तुमचे कान बंद करतो, छत्री बरी. छत्रीखाली कॅमेराही राहतो.

दगड-ओंडके उलटणे आणि साप पकडायची स्टिक काढणे

सर्पमित्र भाऊंनो, हे तुमच्यासाठी. तुमची कसब घरात शिरलेला साप सुखरूप बाहेर काढण्याची आहे आणि ती मोलाची आहे. जंगलातल्या सापाला मात्र कुणी सोडवायचं नसतं, तो घरीच आहे. स्टिक गाडीत ठेवा, खरं तर लातुरातच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि फोटोसाठी साप पकडण्याची सवलत त्यात कुणालाच नाही.

कुजके ओंडके उलटवू नका. त्यांच्याखाली देवगांडूळ असतं: बिनपायाचा उभयचर, गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. गेगेनिओफिस डॅनिएली ही त्याची जात 2003 मध्ये आंबोलीतूनच नोंदवली गेली. खापरखवल्या सापही अशाच ओल्या मातीत राहतो. ओंडका एकदा फुटला की आतला ओलावा गेला, तो पुन्हा जागेवर ठेवून भरून येत नाही. सड्यावरही हेच. उथळ डबकं म्हणजे नुसतं साचलेलं पाणी वाटतं, त्यात अंडी असतात. बूट घालून त्यात उतरू नका.

बेडूक हातात घेणं टाळा. तो कातडीतून पाणी आणि हवा दोन्ही घेतो, आणि आपल्या हाताला डासांचं मलम किंवा जळवांसाठी चोळलेलं मीठ-तंबाखू असतं. ते त्याला सोसत नाही. जळवांसाठी मिठापेक्षा जाड, लांब मोजे घाला, पँट त्यांत खोचा. चिकटलीच तर नखानं बाजूला सारा. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याचा बाऊ नको.

फोटो धुरकट, ओळख चुकीची

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. अर्धा तास पिशवीत बंद ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्या, सिलिका जेलच्या पुड्या सोबत असू द्या. रंगावरून बेडूक ओळखायला जाऊ नका, एकाच जातीत रंग बदलतात. बाजूचा फोटो, पाठीचा फोटो, जमल्यास बोटांचा, आणि मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग घ्या. आवाजावरून जात जास्त खात्रीनं ठरते.

फोटो टाकताना लोकेशन काढून टाका. दुर्मीळ जनावराची अचूक जागा ग्रुपवर फिरली की पुढच्या शनिवारी तिथं पन्नास टॉर्च पोचतात, आणि प्राणी विकणारेही ते वाचतात. निसर्गनोंदींच्या आयनॅचरलिस्ट या साइटवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर होते, व्हॉट्सॲपवर नाही होत. राखीव वनात रात्री परवानगीशिवाय शिरू नका. गावातला वाटाड्या घ्या, त्याला व्यवस्थित पैसे द्या, आणि तो “इथून पुढं नको” म्हणाला तर घासाघीस करू नका.

चिखलाचे बूट तसेच पुढं नेणे

आंबोलीहून थेट अगुंबे किंवा गोव्याकडं जाणाऱ्यांकडून ही चूक होते. काइट्रिड बुरशीमुळं जगभरात शेकडो उभयचर जातींना फटका बसला आहे आणि ती ओल्या चिखलातून, बुटांतून, जाळ्यांतून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. एका ठिकाणाहून निघताना तळव्यातला चिखल ब्रशनं काढा, बूट धुवा आणि पूर्ण वाळवा. वाळणं महत्त्वाचं, कोरड्यात ती बुरशी टिकत नाही. पावसात बूट वाळत नसतील तर दोन जोड न्या. परतल्यावर तर मराठवाड्याचं ऊन आहेच. दोन दिवस गच्चीवर टाकले की काम झालं.