साठीचा वाढदिवस आणि दोनशे पानी वही: आपल्या आयुष्याबद्दल लिहायचं कसं

माझ्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जून १९६६ आहे आणि ती खोटी आहे. आमच्या पिढीत असे १ जूनवाले गावोगाव सापडतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी विचारायचे मुलगी कधी झाली, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग वय पुरं भरेल अशा बेताने १ जून टाकून गुरुजी मोकळे. आई मात्र नेहमी म्हणायची, "तू धोंड्याच्या म्हयन्यात झालंस, श्रावणात. पाऊस इतको की बाव भरान व्हावत होती." (बाव म्हणजे विहीर.) १९६६ ला खरंच अधिक श्रावण होता, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कधीतरी. एवढंच नक्की, बाकी गुरुजींच्या हाती. आणि गंमत म्हणजे यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, त्यामुळे कागदावरचा का होईना, माझा साठावा वाढदिवस धोंड्याच्याच महिन्यात आला.

मुलगा म्हणाला हॉल घेऊया, केक मागवूया. मी म्हटलं ते कर तू काय करायचं ते, पण आधी मला एक वही आणून दे. ती वही मी कशी लिहिली आणि कुठे कुठे माती खाल्ली ते इथे सांगतेय. तुमची पन्नाशी असेल, साठी असेल, नाहीतर घरात कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असेल, पद्धत तीच चालते.

पहिलं पान: आपला जन्म, ऐकीव

सुरुवात स्वतःच्या जन्माच्या गोष्टीने करा, जशी ऐकली तशी. अर्धं पान पुरे. कुठल्या खोलीत झालात, सुईण कोण, वडील कुठे होते, पाऊस होता की शिमगा. हे आपल्याला आठवणं शक्यच नाही, सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं, म्हणून चुकण्याची भीती नसते आणि हात मोकळा होतो. माझे वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते, पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, ते एसटीने थेट गणपतीला आले आणि मला पहिल्यांदा पाहिलं. हे लिहिताना लक्षात आलं की त्यांनी मला बघून काय म्हटलं हे मी कधी आईला विचारलंच नाही. आता विचारायला कोणी नाही. तुमची आई असेल तर आजच फोन करा, लिहायचं मागाहून बघा.

साठीच का, तर पंचांगातल्या संवत्सरांची नावं साठ आहेत, साठ वर्षांनी तुमचं जन्माचं नाव परत येतं. माझं 'पराभव' नाम संवत्सर, १९६६ च्या पाडव्याचं, ते यंदाच्या पाडव्याला परत आलं. नाव असं आहे त्याला माझा इलाज नाही! सहस्रचंद्राचाही हिशोब सरळ आहे, हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं १० महिने. लिहायला मात्र वाढदिवसाच्या तीन महिने तरी आधी बसा, आठवडाभर आधी बसलात तर भाषण होतं.

वही आणि पेन

शिवलेली दोनशे पानी वही घ्या, स्पायरल नको, आमच्या कोकणातल्या खाऱ्या हवेत ती तार वर्षा-दोन वर्षांत गंजते आणि पानांना तांबडे डाग पडतात. पेन साधं बॉलपेन. जेल पेन दिसायला छान पण ओल लागली की शाई पसरते. आणि लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं पान कोरं ठेवायचं, का ते पुढे सांगते. हात थरथरत असेल तर मोबाईलवर बोलून टाईप करा, मराठी बऱ्यापैकी उमटतं, पण मालवणी बोललात तर काय छापेल त्याचा नेम नाही. त्यापेक्षा सरळ आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

एका माणसासाठी लिहा

मी पहिली चार पानं "सर्वांसाठी" लिहिली. बालपण गरिबीत पण समाधानात गेलं, मोठ्यांचे आशीर्वाद, वगैरे वगैरे. वाचून बघितलं तर निवृत्तीच्या निरोपसमारंभाचं भाषण. फाडली. मग ठरवलं की माझ्या ठाण्याच्या नातीसाठी लिहायचं, नऊ वर्षांची आहे, मे महिन्यात आलेली तेव्हा तिने विचारलेलं की आजी भिंतीत हे चौकोनी भोक कशाला ठेवलंय. कोनाडा तो, दिवा ठेवायचा. एवढ्या एका प्रश्नाने सगळं सोपं झालं, कारण तिला इरलं माहीत नाही, मनीऑर्डर माहीत नाही, त्यामुळे "गरिबी" असं मोघम लिहून भागतच नाही, नेमकं काय नव्हतं ते सांगावं लागतं.

सालावरून नको, घरावरून चला

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा लांबवते. १९६६, १९६७ असं साल धरून लिहायला गेलात तर दहाव्या वर्षापर्यंत काही आठवत नाही आणि पुढे नुसती नोकरी-लग्न-पोरं. त्यापेक्षा ज्या घरात वाढलात त्याचा नकाशा एका पानावर काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. आमचं देवगडकडचं माहेर: समोर खळं, मग पडवी, लोटा (तुमच्याकडे ओटी म्हणत असतील), वळय, माजघर, वर माळा, मागीलदार, न्हाणी, बाव, परडं आणि कडेला मांगर (गुरं-लाकडं ठेवायची वेगळी खोपटी). घर पडलं असेल, विकलं असेल, चाळीतली खोली असेल, तरी नकाशा डोक्यात असतो, हात आपोआप दारं दाखवतो.

मग एका जागेला एक पान. प्रत्येक जागी उभं राहून स्वतःला चार प्रश्न विचारा: इथे कोण बसायचं, इथे कसला वास यायचा, इथे काय करायला बंदी होती, आणि आता इथे काय आहे. खळ्यात मे महिन्यात कोकमाची सोलं वाळत असायची आणि आजी कोंबड्या हाकायला काठी घेऊन बसलेली. वळईत उकड्या तांदळाची कणगी, दिवसासुद्धा काळोख. माळ्यावर गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट. ही पानं भराभर झाली.

पण तिसऱ्या प्रश्नाला मी अडकले. बंदी म्हटल्यावर एकदम मांगर आठवला. महिन्याचे ते चार दिवस आम्ही बायका तिथे, गोणपाटावर, वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि पावसात रात्री शेजारी गुरांचा श्वास ऐकू यायचा. भीती वाटायची हे खरं, आणि त्या चार दिवसांत काकी मला गोष्टी सांगायची, कामाला कोणी हाक मारायचं नाही, हेही खरं. दोन्ही लिहिलं. तीन पानं झाली. नातीला आता लगेच नाही कळणार, कळेल तेव्हा वाचेल.

माणसं बोलतात ते त्यांच्याच बोलीत लिहा. आईचं वाक्य मी प्रमाण मराठीत करून बघितलं, "विहीर तुडुंब भरून वाहत होती", आणि ती बाई कोण भलतीच वाटायला लागली.

साल लागत नसेल तर खुंट्या वापरा

आठवण आहे पण कधीची ते कळत नाही असं दर दोन पानांमागे होतं. अशा वेळी सगळ्यांना माहीत असलेल्या तारखा खुंटीसारख्या धरायच्या आणि विचारायचं, त्याच्या आधी की नंतर. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७. आणीबाणी, जून १९७५. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१. मुंबईतला गिरण्यांचा संप जानेवारी १९८२. कोकण रेल्वे मुंबईपासून थेट सुरू झाली २६ जानेवारी १९९८. चिपळूणचा महापूर म्हणाल तर दोन, जुलै २००५ आणि जुलै २०२१, त्यात घोळ करू नका. वादळं धरायची तर फयान नोव्हेंबर २००९, निसर्ग ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१. आमची मागची पोफळ पडली ती तौक्तेत असं मी ठामपणे लिहिलेलं, पण ती पडली तेव्हा सासूबाई होत्या आणि त्या तर २०१२ ला गेल्या, म्हणजे फयान. ट्रंकेत जुने कागद असतील तर तेही काढा, आंतरदेशीय पत्रं, रेशनकार्ड. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळींचा निरोप लिहायची जागा असायची, ती चिठ्ठी सापडली तर वहीत चिकटवा.

डावं पान दुसऱ्यांचं

वीस-पंचवीस पानं झाली की वही भावाला, बहिणीला, जुन्या शेजारणीला द्या आणि सांगा, चुकलं असेल तिथे डाव्या पानावर लिही, माझं खोडू नको. वही एकदा दुसऱ्याच्या हाती दिली की आपलं उजवं पान आपणही बदलायचं नाही. माझ्या भावाने जांभळीवरून पडल्याच्या पानासमोर लिहिलंय, "ती जांभूळ नाय, रतांब्याचा झाड. आणि तू पडलंस नाय, मी ढकललंय." (रतांबा म्हणजे कोकम.) बावन्न वर्षं मी समजत होते की पाय घसरला!

दुखरं असेल ते

वाटण्या, सातबारा, कोणी कोणाचा हद्दीचा गडगा सरकवला हे या वहीत नको. कोकणात हे सुरू केलं तर दोनशे पानं पुरायची नाहीत. कोणाला काय द्यायचं तेही इथे नको, त्याला इच्छापत्र वेगळ्या कागदावर करायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, वहीतल्या इच्छेवरून पुढे भांडणंच होतात.

पण स्वतःचं दुखणं असेल तर लिहा. मी १९८२ च्या मार्चमध्ये दहावीला बसले आणि त्याच जानेवारीत वडिलांची गिरणी संपात बंद झाली, ते ट्रंक घेऊन घरी आले, जूनमध्ये भाऊ कॉलेजला गेला आणि मी गेले नाही. मार्क माझे जास्त होते. हे मी पहिल्यांदा सहा पानं लिहिलं, रागाने, शेवटी तर अक्षर पण लागत नव्हतं. मग खाली तारीख टाकली आणि पंधरा दिवस वही उघडलीच नाही. परत वाचताना विशेषणं सगळी खोडली, "निर्दयपणे", "अन्याय" वगैरे, आणि ज्या गोष्टी तेव्हा मला माहीत नव्हत्या त्या घातल्या, उदाहरणार्थ त्या पावसाळ्यात आईने पाटल्या मोडल्या. सहाचं दीड पान झालं. राग त्यात अजून आहे, तो मी काढलेला नाही. तुम्हाला असं काही आत्ता कोणी वाचू नये वाटलं तर पान दुमडून कडेला टाके घाला सुईदोऱ्याने, पण फाडू नका, ती पहिली चार भाषणाची पानं सोडून मी एकही फाडलेलं नाही.

पुढचं काय करायचं, इच्छा-आकांक्षा, याला शेवटची दोन पानं पुष्कळ. मी एकच लिहिलंय, पोहायला शिकायचं. समुद्राकाठी जन्म गेला आणि घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाही.

वाढदिवसाच्या दिवशी

अख्खी वही वाचून दाखवू नका, लोक केकसाठी आलेले असतात. औक्षण झाल्यावर लोट्यावर बसून एकच पान वाचा, शक्यतो हसायचं. मी रतांब्याचं वाचलं, डाव्या पानासकट.

आणि पाऊस

लिहून झालं की मोबाईलवर पानापानाचा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की बारीक होतो आणि अक्षर फुटतं. मूळ वही पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवायची नाही, ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ऑक्टोबरात गोधड्या उन्हात टाकाल तेव्हा डबा पण उघडा, वही मात्र सावलीत, पंख्याखाली, पानं उलटीसुलटी करून. त्या वेळी जवळ बॉलपेन ठेवा, कारण दोन पानं वाचल्यावर काहीतरी आठवतंच, आणि डावीकडे अजून जागा असते.