पॅनच्या तळाची काळी रेती ओळखताना या चुका टाळा

झारखंडची सुवर्णरेखा नदी असो की केरळात निलंबूरची चालियार, सोन्याच्या शोधात उथळ थाळीत, म्हणजे पॅनमध्ये, वाळू धुवून झाली की तळाला काळी रेघ उरते. नवखा माणूस ती ‘लोखंडाचा कीस’ म्हणून फेकतो, नाहीतर सगळीच मॅग्नेटाइट (चुंबकाला झटकन चिकटणारं लोहखनिज) ठरवून मोकळा होतो. त्या रेघेवरून एवढंच कळतं की हे कण जड आहेत. पाण्याची घनता 1 धरली तर गारगोटीची 2.65, इल्मेनाइटची (लोह-टायटॅनियमचं काळं खनिज) 4.7 च्या आसपास, मॅग्नेटाइटची 5.2; नदीतलं सोनं मात्र 15 ते 19.

न चाळता धुणं ही मुळातली चूक. गार्नेट या लालसर खनिजाचा मोठा कण आणि इल्मेनाइटचा बारीक कण पाण्यात सारखेच वागतात. आधी चाळा, मग एकेका जाडीची रेती वेगळी धुवा.

सर्वात जास्त गोंधळ चुंबकाचा. ओल्या रेतीत चुंबक फिरवला की सगळंच चिकटून येतं, सोन्याचे कणसुद्धा. रेती पूर्ण वाळवा, कागदावर पातळ पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. पहिल्यांदा जुन्या स्पीकरचा साधा चुंबक वापरा. त्याला उडी मारून चिकटतं ते मॅग्नेटाइट. निओडिमियमच्या जास्त ताकदवान चुंबकाची पाळी त्यानंतर. त्याला इल्मेनाइट आणि गार्नेटही येतात, म्हणून सुरुवातच त्याने केली तर तिन्हींची खिचडी होते. उचललेली रेती पुन्हा पसरून एकदा उचला, अडकलेलं सोनं खाली राहतं. गार्नेट भिंगाखाली लालसर दिसतं, तिथे वाद नाही.

चुंबकाला न आलेल्या फिक्या, चकचकीत कणांत झिरकॉन हे जड खनिज असू शकतं. ते आखूड लहरींच्या अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा पिवळं-नारिंगी उजळतं. नोटा तपासायच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका, तो दिवा लांब लहरींचा असतो.

पिवळं दिसलं की सावलीत न्या. सोनं तिथेही तसंच दिसतं. अभ्रक कण फिरवला की लखलखतो नि विझतो. सुईने दाबल्यावर सोनं चेपतं, पायराइटचा चुरा होतो.

रत्नागिरीत काळबादेवी, मालगुंडच्या किनाऱ्यावरची काळी रेती मुख्यतः इल्मेनाइटची. पॅन घेऊन तिथे सोनं शोधायला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

मधासारखे पिवळसर-तपकिरी, गोलसर कण दिसले तर मोनाझाइट या खनिजाची शंका घ्या. केरळात चवरा आणि तमिळनाडूत मनवलाकुरिचीच्या किनारी रेतीत ते आहे. त्यात किरणोत्सारी थोरियम असतं. असे कण कुटू नका, वाळवताना फुंकर मारू नका आणि नमुना म्हणून घरात साठवू नका.