तान्हं बाळ दचकतं तेव्हा

मांडीवर गाढ झोपलेलं बाळ खाली ठेवायला जावं आणि पाठ गादीला टेकायच्या आतच त्याचे दोन्ही हात फाकतात, बोटं ताणली जातात. मग हात पुन्हा छातीशी येतात, कुणाला तरी मिठी मारावी तसे, आणि पाठोपाठ रडं सुरू. सगळा खेळ एक-दोन सेकंदांचा. ही मोरो प्रतिक्षिप्त क्रिया. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाच्या नावावरून तिला हे नाव मिळालं.

बाळ घाबरट आहे म्हणून दचकत नाही. आपला आधार सुटला अशी खबर कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागाकडून मेंदूला गेली की हात आपोआप उघडतात; त्यात विचार नाही की भीतीही नाही. आवाज, लख्ख उजेड, गार हाताचा स्पर्श, कधी बाळाचीच शिंक किंवा स्वतःचं रडणं एवढ्यानंही ते दचकतं. पण सगळ्यांत हमखास कारण म्हणजे डोकं मागे कलंडणं. त्यामुळे घरभर चिडीचूप पाळण्यापेक्षा बाळाला उचलण्या-ठेवण्याची पद्धत बदलली तर फरक लवकर दिसतो.

पूर्ण दिवसांच्या बाळात ही क्रिया जन्मतःच असते आणि पहिल्या काही आठवड्यांत चांगली ठळक दिसते. साधारण ३-४ महिन्यांत ती फिकी पडू लागते आणि ६ महिन्यांपर्यंत नाहीशी होते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे महिने जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजायचे. मोठ्या आवाजाला डोळे मिटणं, अंग आक्रसणं हे दचकणं वेगळं. ते आयुष्यभर राहतं.

खाली ठेवताना

एक तळवा मान आणि डोक्याखाली, दुसरा कुल्ल्यांखाली. बाळ तुमच्या छातीला चिकटलेलंच ठेवून तुम्ही स्वतः कमरेतून वाका. हात लांब करून बाळाला हवेतून खाली नेलं की तिथेच ते दचकतं. आधी पाय आणि कुल्ले गादीला टेकवा, मग पाठ, डोकं सगळ्यांत शेवटी. डोक्याखालचा हात लगेच ओढू नका, हळूहळू सरकवत काढा. दुसरा तळवा छातीवर हलकाच ठेवून बाळाचे दोन्ही हात त्याखाली जुळवा आणि अर्धा-एक मिनिट तसंच थांबा. बहुतेक जण इथेच घाई करतात. श्वास संथ झाला, मुठी सैल पडल्या की हात उचला.

गादी सपाट आणि टणक हवी. बाळ नेहमी उताणंच झोपवायचं. पालथं झोपवल्यावर ते कमी दचकतं हे खरं, पण त्यानं झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो. दचकणं थांबवण्यासाठी हा मार्ग कधीही धरू नये.

अंघोळीलाही तोच नियम: आधी पाय पाण्यात, मग हळूहळू अंग, मान शेवटपर्यंत तुमच्या मनगटावर. पाणी ३७ अंशांच्या आसपास असावं. कोपर बुडवून पाहिलं तर ना गरम ना गार लागावं. कपडे बदलताना दोन्ही बाह्या एकदम न काढता एक हात मोकळा झाला की तो छातीशी धरून ठेवा.

दचकल्यावर

झटकन उचलू नका; त्या हिसक्यानं बाळ पुन्हा दचकतं. आधी त्याचे हात गोळा करून छातीवर आणा, गुडघे थोडे पोटाकडे वळवा आणि तसंच धरून हळू आवाजात बोला. रडं ओसरलं नाही तरच मान आणि कुल्ले सावरून उचला. झोपेत दचकून ते एखादा हुंकार देऊन पुन्हा शांत होत असेल तर हात लावायचीही गरज नाही. नवजात बाळाची जवळपास अर्धी झोप चुळबुळीचीच असते, आणि पुष्कळदा आपणच त्याला जागं करतो.

एकसुरी आवाजाचं यंत्र वापरायचं असेल तर ते बाळापासून निदान दोन मीटर दूर ठेवा, आवाज अगदी कमी ठेवा आणि झोप लागली की बंद करा.

दुपट्यात गुंडाळायचं असेल तर

गुंडाळल्यानं हात फाकायला जागा राहत नाही, त्यामुळे दचकलं तरी जाग कमी येते. मात्र चुकीचं गुंडाळण्यापेक्षा न गुंडाळलेलं बरं.

पातळ सुती, साधारण एक मीटर चौरस कापड घ्या. ते तिरपं पसरून वरचं टोक वीतभर आत दुमडा. दुमडीच्या रेषेवर बाळाचे खांदे येतील असं उताणं ठेवा. एक हात अंगालगत किंवा छातीवर ठेवून त्या बाजूचं टोक अंगावरून नेऊन पाठीखाली खोचा. खालचं टोक सैलच वर घ्या, मग दुसरी बाजू. आता दोन गोष्टी तपासा. छाती आणि कापड यांच्यात तुमची दोन बोटं सहज जायला हवीत, आणि बाळाला गुडघे वाकवून मांड्या बाजूला फाकवता यायला हव्यात. पाय सरळ ताणून घट्ट बांधले की खुब्याचा सांधा नीट बसत नाही. गुंडाळण्यातली सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. कापड फार सैल असेल तर सुटून तोंडावर येतं. मानेमागे हात लावून पाहा: घाम किंवा जास्त ऊब लागली तर आतला एक कपडा काढा. वजन भरलेली दुपटी वापरू नयेत.

बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करताना दिसलं, काहींचं हे दुसऱ्या महिन्यातच सुरू होतं, की त्याच दिवसापासून गुंडाळणं बंद. त्या आधीच काही रात्री एक हात बाहेर ठेवून सवय मोडलीत तर सोपं जातं. पण वळणं सुरू झाल्यावर 'अजून दोनच दिवस' म्हणायचं नाही, कारण हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर त्याला तोंड वळवता येत नाही.

हे दचकणंच आहे ना?

इथे नजर हवी. खरं दचकणं कशाला तरी उत्तर म्हणून येतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि एकदाच होतं.

हातापायांची बारीक, भरभर थरथर दिसली तर तो हात वाकवून हळूच धरा. थरथर तुमच्या पकडीत थांबली तर ती सहसा फिट नसते. तरीही ती वारंवार येत असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल असेल तर रक्तातली साखर आणि कॅल्शियम तपासून घ्यावं लागतं. साखर कमी असेल तर उशीर चालत नाही.

फक्त झोपेत हातपाय उडतात आणि जागं केलं की लगेच थांबतात, असा एक निरुपद्रवी प्रकार असतो. तो पहिल्या काही महिन्यांत आपोआप जातो. यात मात्र हात धरून ठेवल्यानं झटके थांबत नाहीत, उलट वाढू शकतात, म्हणून इथे खूण एकच: जाग आल्यावर थांबतात की नाही. फिटचे झटके हात धरूनही चालू राहतात आणि जाग असतानाही येतात; त्यांच्या जोडीला डोळे एका बाजूला खेचले जाणं, तोंडाचे चोखल्यासारखे चाळे, रंग निळसर होणं किंवा श्वास थांबणं दिसू शकतं.

सगळ्यांत फसवा प्रकार साधारण ३ ते ८ महिन्यांच्या वयात सुरू होतो. मान एकदम पुढे झुकते, हात फाकतात, अंग दुमडतं, आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच, पुन्हा तेच. असे झटके ओळीनं येतात, बऱ्याचदा झोपेतून उठल्या उठल्या. एकेक झटका दचकण्यासारखा किंवा पोटदुखीसारखा दिसतो, म्हणून तो चालवून घेतला जातो. हे शिशुवयातले आचके. १८४१ मध्ये विल्यम जेम्स वेस्ट या डॉक्टरनं स्वतःच्या मुलात पाहून त्यांचं वर्णन केलं होतं. बाळ हसायचं कमी झालं, नजर देईनासं झालं तर शंका आणखी पक्की. निदान मेंदूच्या विद्युत आलेखावरून, म्हणजे ईईजीवरून होतं. उपचाराला उशीर झाला तर बाळाच्या वाढीवर परिणाम होतो, त्यामुळे त्याच दिवशी दाखवायचं.

याखेरीज डॉक्टरांना दाखवायचं ते असं: दचकताना एकच हात उघडतो (जन्माच्या वेळी हाताच्या नसांना ताण किंवा गळ्याखालच्या हाडाला इजा झालेली असू शकते), बाळ कशालाच दचकत नाही, ६ महिन्यांनंतरही पूर्वीसारखंच दचकतं, किंवा नाकावर हलकी टिचकी लागली तरी दरवेळी दचकून अंग लाकडासारखं ताठ होतं. तपासून पाहायचं म्हणून घरी डोकं सोडून किंवा बाळाला हलवून दचकवू नका. ते डॉक्टरांचं काम.

श्वास अडला, ओठ निळे पडले किंवा फिट असल्याची शंका आली तर थेट तातडीची मदत. तोवर बाळाला कुशीवर ठेवा, तोंडात बोट, पाणी, दूध काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा.

तेवढी घाई नसेल तर मोबाइलवर चित्रफीत काढा. दुपटं बाजूला करा, उजेड पुरेसा ठेवा आणि चेहरा व चारही हातपाय चौकटीत येऊ द्या. झटक्यांची ओळ सुरू असेल तर ती संपेपर्यंत, निदान दोन मिनिटं, चित्रण थांबवू नका. मध्येच एकदा हात धरून पाहा आणि बाळाला हाक मारा. सोबत तीन गोष्टी लिहून ठेवा: बाळ झोपेत होतं की जागं, शेवटचं दूध केव्हा पाजलं, आणि दिवसातून असं किती वेळा झालं.