माझी कॅमेलियन दिवसभर जमीन उकरत होती, त्याची गोष्ट

माझी व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात), वय साधारण 9 महिने, एरवी फांदीवरून खाली उतरायची नाही, पण अचानक दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या, कोपरे उकरायची, काच-जाळीवर चढायची आणि खाणं जवळजवळ बंद. अंगावर गडद हिरव्यात पिवळे-निळे ठिपके. मला वाटलं युव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा) जुनी झाली असणार, म्हणून ती बदलली, पाण्याचा स्प्रे वाढवला, काही फरक नाही, उलट बाई जास्तच चिडायला लागल्या.

मग लक्षात आलं की हिच्या पोटात अंडी आहेत. नर कधी बघितलेलाही नाही हिने! पण व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. घालायला जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात आणि जीवावर बेततं.

एक फूट खोल बादली घेतली, त्यात धुतलेली वाळू भरली, ओली इतकीच की बोगदा खणला तर ढासळू नये. आणि मुख्य म्हणजे पिंजऱ्यावर चादर टाकली, कारण कोणी बघतंय कळलं की त्या खणणं अर्धवट सोडतात. (मी डोकावल्यामुळे पहिला खड्डा वाया गेला, चूक माझीच.) तिसऱ्या दिवशी खड्डा बुजवून वर आली, बारीक झालेली, तहानलेली. वाळूत 34 अंडी!

आता बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली ऊब घेत बसायची जागा 28 डिग्रीच्या आसपास ठेवते आणि किडेही मोजून देते, जास्त ऊब आणि जास्त खाणं म्हणजे जास्त अंडी. डोळे मिटून तळाशी पडून राहिली असती तर मात्र बादलीच्या भानगडीत न पडता सरळ व्हेटकडे पळाले असते.