तणनाशक मारताना ओढ्यातले शिंपले कसे जपावेत

गोड्या पाण्यातला शिंपला तळाच्या गाळात अर्धामुर्धा रुतून बसतो, पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि जिवाणू गाळून खातो. औषध ओढ्यात उतरलं की माशासारखं पळून जाणं त्याच्या हातात नसतं. काठाजवळ फवारणी करायचीच असेल, तर अशी करा.

१. आधी शिंपले आहेत का ते बघा. काठावर रिकामे शिंपले पडलेले असतात. उथळ, निवळ पाण्यात तळाशी शेजारी शेजारी दोन फटी दिसल्या आणि एकीच्या कडेला बारीक झालर असली, तर खाली जिवंत शिंपला आहे. उपटून बघू नका.

२. लेबल वाचा, पण मुख्य घटकाशी थांबू नका. खरी गोम इथे आहे. ग्लायफोसेट या तणनाशकावर अमेरिकेत झालेले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग सांगतात की, शिंपल्यांच्या अळ्यांना आणि पिल्लांना नुसत्या ग्लायफोसेटपेक्षा त्यात मिसळलेला ‘पीओईए’ हा पानाला चिकटवणारा पदार्थ कितीतरी जास्त विषारी ठरला. म्हणून काठावर पाण्याजवळ वापरायला मंजूर असलेलंच औषध घ्या. आणि औषध नीट चिकटावं म्हणून वरून स्टिकर किंवा कपड्यांचा साबण टाकायची सवय असेल, तर ती इथे सोडा.

३. पुढचे एक-दोन दिवस पाऊस नाही आणि वारा पडलेला आहे, अशी वेळ निवडा.

४. पाण्यालगत गवताचा पट्टा राखा. लेबलवर अंतर दिलेलं असेल तर तेवढा, नसेल तर जमेल तेवढा रुंद. पट्ट्यातलं तण हातानेच काढा. औषध कालवणं, पंप भरणं, धुणं, सगळं ओढ्यापासून लांब. रिकामा डबा तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता.

५. तण पाण्यातच वाढलं असेल तर सगळं एकदम मारू नका. मेलेलं तण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. औषधातून वाचलेला शिंपला मग गुदमरून मरतो. थोडा भाग करा, लेबलवर सांगितलेले दिवस थांबा, मग पुढचा. काढून बाहेर टाकता येत असेल तर माझ्या मते तेच बरं.

६. नंतर लक्ष ठेवा. त्रास झाला की शिंपला तोंड मिटून घेतो आणि बरेच दिवस तसाच तग धरतो, त्यामुळे मिटलेला शिंपला ठणठणीत असेलच असं नाही. उघडा पडलेला हलक्या हाताने शिवा. मिटला नाही तर तो मेलेला किंवा मरणाच्या दारात आहे. मोठे दिसतात म्हणूनही निर्धास्त होऊ नका. अळ्यांना काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहावं लागतं, सुटल्यावर पिल्लं गाळात राहतात, आणि विषाचा पहिला फटका या दोन्ही अवस्थांना बसतो. वर्षानुवर्षं फक्त थोराडच सापडत असतील, तर नवी पिढी तयार होत नाहीये.

एकाच वेळी बरेच मेलेले दिसले तर गोळा करत बसू नका. फोटो काढा आणि मत्स्य किंवा पर्यावरण खात्याला कळवा. पाण्याचा नमुना घ्यायला सांगितलं, तर बाटली कोणती हवी ते आधी प्रयोगशाळेला विचारा. काही रसायनांना काच चालते, काहींना प्लास्टिकच लागतं. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहून ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.